दूरच्या ओळखी हेच व्यापाऱ्याचे भांडवल : वऱ्हाडच्या कापूस बाजाराचा धडा

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कापूस बाजारात कुणालाही विचारा, काल न्यूयॉर्कचा वायदा किती सेंटवर बंद झाला हे तो खिशातला फोन काढून सांगेल. जिनवाला सांगेल, अडत्या सांगेल, कापसाची गाडी घेऊन आलेला कास्तकारही सांगेल. परंतु भाव का चढला किंवा का पडला, ही चाल आठ दिवस टिकेल की उद्याच फिरेल, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते : "बाजार आहे भाऊ, कुणाला ठाऊक!" आमच्या मते आपल्या छोट्या व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे बरेचसे नुकसान याच उत्तरात आहे. भावाचा आकडा आज सर्वांना फुकट मिळतो. आकड्यामागचे कारण मात्र अजूनही दूर गावी बसलेल्या ओळखीच्या माणसाकडूनच मिळते, आणि अशा ओळखी जोडण्याची आपली जुनी सवय सुटत चालली आहे.

ही सवय आपल्या भागाला नवी नाही. वऱ्हाडचा कापूस बाजार उभाच राहिला तो दूरदूरच्या ओळखींवर. म्हणून या लेखात आम्ही आधी मागचा हिशेब मांडणार आहोत आणि मग आज काय करता येईल ते पाहणार आहोत.

इंग्लंडच्या बाजारात अमरावतीचे नाव

लिव्हरपूलच्या कापूस बाजारात हिंदुस्थानी रुईचे जे प्रकार विकले जात त्यात 'ऊमरा' नावाचा एक प्रकार असे. हा ऊमरा म्हणजे दुसरे काही नसून आपली अमरावती होय. इंग्रज तिला 'ऊमरावती' लिहीत आणि दलाल घाईत त्याचे 'ऊमरा' करीत. वऱ्हाडातली रुई, मग ती अकोल्याची असो की खामगावची, याच नावाखाली जाई. ज्या गिरणीवाल्याने अमरावती नकाशावरही पाहिली नव्हती तो रोज तिच्या नावाने सौदे करीत होता.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना आणि हिंदुस्थानी रुईचे भाव कित्येक पटींनी वाढले. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या वेळचा सर्वांत मोठा सटोडिया प्रेमचंद रायचंद याच्याविषयी असे सांगतात की, विलायतेची टपाल बोट बंदराला लागण्याआधीच तो आपली माणसे लहान होडीतून समुद्रात पाठवी आणि लिव्हरपूलच्या भावाची बातमी इतरांच्या आधी मिळवी. काही तासांची ही आघाडी लाखो रुपये मिळवून देई.

परंतु एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, युद्ध संपले आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी मुंबईत मोठ्या वायद्यांचा हिशेब चुकता करायचा होता. तो होऊ शकला नाही आणि पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदही त्यातून वाचला नाही. भावाची खबर सर्वांच्या आधी मिळवणारा माणूसही बुडतो, कारण भाव कशामुळे चढला आहे आणि ते कारण केव्हा संपणार आहे याचा अंदाज चुकला की लवकर मिळालेला आकडा काही कामाचा राहत नाही.

आठ महिने वऱ्हाडात, चार महिने कच्छात

युद्धानंतर भाव पडले तरी वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजाराला जोडला गेला तो गेलाच. १८६७ साली भुसावळहून अकोला, बडनेऱ्यावरून आगगाडी नागपूरला पोचली. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि जलंबहून खामगावचा फाटा सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई ते एडन आणि सुएझ अशी समुद्राखालची तार पडली. जी बातमी यायला पूर्वी आठवडे लागत ती आता तासांवर आली.

या काळात आपल्या गावांतून जे मुसलमान व्यापारी स्थिरावले त्यांत कच्छी मेमन आणि दाऊदी बोहरे प्रमुख होते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जातीजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात 'कच्छी' व्यापाऱ्यांची नोंद आहे. हे लोक वर्षातील आठ महिने या प्रांतात व्यापार करीत आणि पावसाळ्याचे चार महिने घरी परत जात. १९११ साली त्यांची संख्या सुमारे २,००० होती आणि त्यांत स्त्रिया जेमतेम एक षष्ठांशच होत्या, कारण कुटुंबे मागे देशीच राहत. तरीही प्रांताच्या व्यापाराचा मोठा भाग त्यांच्या हाती होता. त्याच ग्रंथात बोहऱ्यांची संख्या सुमारे ५,००० दिली असून त्यांची वस्ती मुख्यतः निमाड, नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत असल्याचे म्हटले आहे.

एवढ्या थोड्या माणसांच्या हाती एवढा व्यापार कसा आला? भांडवल हे एक कारण झाले. पण हे चार महिन्यांचे घरी जाणेही लहान गोष्ट नव्हती. कच्छ आणि काठेवाडच्या बंदरी गावांत त्या चार महिन्यांत कोण जमत असे ते पाहा. कुणाचा भाऊ मुंबईत, कुणाचा साडू कोलंबोत, कुणाचा मेहुणा रंगूनला, कुणाचा चुलता दरबानला. पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला या मेमन पेढीचे दुकान दक्षिण आफ्रिकेत होते आणि तिच्याच खटल्यासाठी १८९३ साली मोहनदास गांधी नावाचा तरुण बॅरिस्टर तिकडे गेला. अशा गावात बसून चार महिने गप्पा मारणे म्हणजे दुनियेच्या बाजाराची शाळाच होती. कुठल्या बंदरात माल साचला आहे, कुठली पेढी आतून पोकळ झाली आहे, कुठे नवा कर बसणार आहे, या गोष्टी तिथे ओसरीवर कळत. पावसाळा संपताच ही सर्व माहिती घेऊन माणूस वऱ्हाडात परत येई आणि कापसाचा हंगाम सुरू होई.

मधल्या काळात पत्रे चालत. १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरीब दुकानदारालाही परगावच्या ओळखीचा खर्च परवडू लागला. मेमन गुजरातीत लिहीत, बोहरे अरबी लिपीतल्या आपल्या बोलीत लिहीत, मराठी पेढ्यांचे कागद मोडीत असत. तारेला शब्दामागे पैसे पडत म्हणून व्यापारी सांकेतिक शब्द ठरवीत आणि एका शब्दात पूर्ण वाक्य बसवीत. त्यामुळे घाईची खबर तारेने जाई आणि तिचे कारण मागाहून पत्राने येई.

तार साहेबाकडे, माणसे आपल्याकडे

त्या काळी मोठ्या विलायती कंपन्याही वऱ्हाडात उतरल्या होत्या. राली ब्रदर्स ही ग्रीक घराण्याची पेढी आणि १८५१ साली स्वित्झर्लंडमधील विंटरथूर व मुंबई येथे एकाच वेळी सुरू झालेली फोल्कार्ट ब्रदर्स या दोघांच्या खरेदी एजन्सी खामगावसारख्या बाजारांत होत्या. त्यांच्याकडे भांडवल होते, तार होती, जहाजे ठरलेली होती. तरीसुद्धा कोणत्या खेड्याचा कापूस ओला आहे, कोणता अडत्या शब्दाचा पक्का आहे, कुणाला उचल द्यावी आणि कुणाला देऊ नये, हे त्यांना गावच्याच दलालाकडून आणि अडत्याकडून समजून घ्यावे लागे. म्हणजे साहेबालाही माणसाच्या ओळखीशिवाय गत्यंतर नव्हते.

हुंडीचा व्यवहारही याच ओळखीवर उभा होता. 'शाहजोग' हुंडी म्हणजे जिचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच द्यायचे. समोरचा माणूस शाह आहे की नाही हे कागद कसे सांगणार? ते बाजारातली माणसेच सांगत. पत ही एका दिवसात मिळत नाही, ती दहा वर्षांच्या खऱ्या बोलण्याने जमते. आणि ज्याची पत असे त्यालाच परगावचा माणूस मनातली खबर लिहून पाठवी.

१९३३ चा धक्का

जपानचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. वऱ्हाडची आखूड धाग्याची रुई इंग्लंडच्या गिरण्यांना पुढे फारशी रुचेना, पण जपानच्या गिरण्यांना ती चालली. १८९३ साली मुंबई ते कोबे अशी जपानी बोट सुरू झाली आणि जपान आपला मोठा गिऱ्हाईक बनला. कोबे बंदरात हिंदी व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. तेथील मशीद १९३५ साली उघडली. ती जपानमधली पहिली मशीद असून तिला हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा हातभार होता.

जून १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत वाढवली. रोख जपानी कापडावर होता. उत्तर म्हणून जपानी गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानी रुईवर बहिष्कार घातला. निर्णय सिमल्यात झाला, उत्तर ओसाकात ठरले आणि मार वऱ्हाडच्या कास्तकाराला व अडत्याला बसला. पुढे जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला. जपानने हिंदुस्थानी रुईच्या १० लाख गठाणी घेतल्या तर ३२ कोटी ५० लाख यार्ड कापड इकडे पाठवता येईल आणि १५ लाख गठाणी घेतल्या तर ४० कोटी यार्ड, असे कापड व रुईचे गणित बांधले गेले.

आता विचार करा. जकात वाढली हे वर्तमानपत्रात सर्वांनीच वाचले असेल. पण तिकडचे गिरणीवाले केवळ धमकी देत आहेत की खरोखर खरेदी थांबवणार आहेत, त्यांच्या गोदामात किती महिन्यांची रुई पडून आहे, ही गोष्ट कोबेच्या बाजारात उठबस असलेल्या माणसालाच कळू शकत होती. ज्याचा तिथे कुणी होता त्याने माल वेळेवर काढला असता. ज्याचा कुणी नव्हता त्याच्या गठाणी गोदामातच राहिल्या असत्या.

नुसत्या आकड्याचा शेवट जुगारात

माणसाशिवाय नुसता आकडा आला तर काय होते, याचा नमुना मुंबईने पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होणारा भाव मुंबईला येत असे. ज्यांचा कापसाशी सुताइतकाही संबंध नव्हता असे लोक त्या आकड्यांवर पैसे लावू लागले. हाच तो 'आकडा'. १९६१ साली न्यूयॉर्कहून हे भाव पाठवणे बंद झाले तेव्हा जुगारवाल्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली आणि त्याचा 'मटका' झाला. कापूस गेला तरी खेळ चालूच राहिला, कारण त्यांना कापसाशी कर्तव्यच नव्हते. या खेळाने किती घरे बसली हे आपल्या मोहल्ल्यांतून वेगळे सांगण्याची गरज नाही.

आज फोनवर दर मिनिटाला हलणारा भाव पाहून सौदा करणारा व्यापारी आणि तो आकडा लावणारा, यांच्यात फरक कोणता? फरक एवढाच की व्यापाऱ्याला कारण माहीत असले पाहिजे. ते माहीत नसेल तर तोही आकडाच लावतो आहे.

अलीकडचे दोन दाखले

२०१० साली पाकिस्तानात महापूर आला, भारत सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले, आणि मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कला रुई पौंडाला २ डॉलरच्या वर गेली. असा भाव कुणी पाहिला नव्हता. अनेकांनी आणखी वाढेल म्हणून माल धरून ठेवला. पण महाग सूत कापडवाला घेईना, कापडात पॉलिस्टर वाढू लागले, आणि मे २०११ च्या सुमारास दक्षिणेतल्या सूतगिरण्यांनी सूत पडून राहिल्यामुळे उत्पादन कमी केले. वर्षअखेर न्यूयॉर्कचा भाव १ डॉलरच्याही खाली होता. कोइमतूरच्या गिरणीत किंवा भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागावर ज्याचा ओळखीचा माणूस होता त्याला एवढे एक वाक्य पुरेसे होते : "इथे सुताला गिऱ्हाईक नाही." हे वाक्य फोनवरच्या भावात लिहिलेले नसते.

दुसरा दाखला ऑगस्ट २०२५ चा. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी ती सूट ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली. एका बाजूने बाहेरची रुई स्वस्त झाली आणि दुसऱ्या बाजूने तयार कपड्याचे मोठे गिऱ्हाईक अडले. दोन्ही निर्णय दूरच्या राजधान्यांतले, पण वऱ्हाडचा नवा हंगाम त्यांच्याच सावलीत सुरू झाला. अशा वेळी तिरुपूरला कपड्याच्या ऑर्डर खरोखर थांबल्या की नुसत्या लांबल्या, हे तिथला शिंपी किंवा पॅकिंगवाला जितके नेमके सांगेल तितके कुणीच सांगू शकणार नाही.

हे केवळ कापसाचे नाही

आमच्या बागवान बांधवांचा अनुभव याहून वेगळा नाही. वरुड, मोर्शीचा संत्रा बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर जात असे. २०१९ पासून त्या देशाने संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि इथे बागेचा भाव पडला. सीमेवर पेट्रापोलला किती ट्रक उभे आहेत, पलीकडचा व्यापारी नवा माल मागतो आहे की जुनाच खपवतो आहे, हे कोलकात्याच्या अडत्याशी आठवड्याला एकदा बोलणाऱ्याला आधी कळते. ते कळले तर बाग किती रुपयांना घ्यायची हे ठरवता येते.

कारागिरांना असे वाटते की जगाची खबर हा पेढीवाल्यांचा विषय आहे. आम्हांला तसे वाटत नाही. अकोट आणि बाळापूरच्या सतरंज्या एकेकाळी नावाजलेल्या होत्या. विणणाऱ्याच्या हातात कला होती, पण गिऱ्हाइकाला आता काय हवे हे सांगणारा माणूस दूरच्या बाजारात नसेल तर कला घरातच राहते. गादीवाला पिंजारी असो, वेल्डर असो, सुतार असो की शिवणकाम करणारी बहीण असो, १९७० नंतर आपल्या घराघरांतून मुले आखाती देशांत गेली आहेत. सुरत, भिवंडी, पुणे, हैदराबाद येथे तर प्रत्येकाचे कुणी ना कुणी आहे. फोनवर आपण त्यांना तब्येत विचारतो, पैसे केव्हा पाठवणार ते विचारतो. तिथे कोणते काम चालते, कोणते हत्यार नवे आले, मजुरी कशाला जास्त मिळते, हे विचारतच नाही. ओळख घरात असूनही खबर बाहेर राहते, हे आपले दुर्दैव होय.

काय करावे?

पहिली गोष्ट, आपल्या धंद्याची साखळी कागदावर लिहून काढा. कापूसवाल्याची साखळी कास्तकारापासून जिन, सूतगिरणी, माग, रंगारी, शिलाई आणि बंदर अशी जाते. या प्रत्येक कडीवर आपल्या ओळखीचे एक माणूस हवे. तो मालकच असला पाहिजे असे नाही. हमाल, मुनीम, ट्रक ड्रायव्हर, क्लिअरिंग एजंटचा कारकून हे पुष्कळदा मालकापेक्षा आधी जाणतात.

दुसरी गोष्ट, घेण्याआधी द्या. कामापुरता फोन करणाऱ्याला कुणी मनातले सांगत नाही. पाऊस कसा झाला, बोंडअळी किती आहे, आवक किती आहे, ही इथली खबर तिकडच्या माणसासाठी सोन्यासारखी आहे. ती न मागता आणि खरी पाठवा. आपला माल विकायचा म्हणून पीक बुडाल्याची हूल उठवली तर एकदा फायदा होईल, पण त्या माणसाचा दरवाजा कायमचा बंद होईल.

तिसरी गोष्ट, सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे ते पाहा. माल धरून बसलेला माणूस तेजीचीच बातमी देणार. म्हणून एक खबर दोन वेगळ्या ठिकाणांहून पडताळा, आणि ती दोन माणसे एकमेकांना ओळखणारी नसतील तर उत्तम. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला निनावी मजकूर म्हणजे खबर नव्हे. ज्याच्या खाली नाव नाही त्याला जाब कुणाला विचारणार? ऐकावे जनाचे, करावे मनाचे, पण आधी तो जन कोण ते तरी कळले पाहिजे.

चौथी गोष्ट, ओळखी आपल्याच जमातीपुरत्या ठेवू नका. जुने कच्छी व्यापारी घरच्या जाळ्यावर मोठे झाले हे खरे, पण वऱ्हाडात त्यांचा कापूस मराठा-कुणबी कास्तकाराकडून येई आणि मारवाडी, गुजराती पेढ्यांशी त्यांचे रोजचे देणेघेणे असे. सगळे नातेवाईक एकाच धंद्यात असले की सगळे एकच चूक एकाच वेळी करतात.

पाचवी गोष्ट, खबर ओळखीने घ्या, पैसा मात्र बँकेतूनच पाठवा. हुंडीचा जमाना वेगळा होता, आजचा कायदा वेगळा आहे.

शेवटची गोष्ट मुलांसाठी. आपली मुले फोन चालवण्यात आपल्यापेक्षा हुशार आहेत, पण परगावच्या अडत्याशी दहा मिनिटे अदबीने बोलणे त्यांना जमत नाही. त्यांना वर्षातून एकदा मुंबई, सुरत, कोइमतूर दाखवा, आपल्या ओळखीच्या माणसांसमोर उभे करा, सलाम-दुआ होऊ द्या. दुकान, गोदाम आणि वही वारशाने मिळते. ओळख मात्र बाप हयात असतानाच हाती द्यावी लागते, नाहीतर ती त्याच्याबरोबरच जाते.

तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पोस्टकार्ड लिहिणारेही थोडेच उरले. साधने बदलत राहतील याची खंत करण्याचे कारण नाही. ज्या कामाला पूर्वी पाव आणा आणि आठ दिवस लागत ते आता एका मिनिटात होते. तेव्हा येत्या आठवड्यात आपल्या वहीतले जुने नंबर काढा, ज्यांच्याशी वर्षभर बोलणे झाले नाही अशा तीन माणसांना फोन करा आणि काही न मागता इथल्या बाजाराची खरी हकीकत सांगा. हंगाम सुरू होण्याआधीची ही सर्वांत स्वस्त गुंतवणूक आहे.